मार्गाशिवाय मुक्काम

पिंपळदरा, ता. नरखेड
१२ जानेवारी २०२५

ताई,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे बरे आहेत. तुमची पुतणी मेघा तुमच्याच घरी राहून कळमेश्वरच्या कंपनीत जाते, दर पंधरा दिवसांनी इकडे येते, फोन तर रोज होतो. मग हिला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुम्ही म्हणाल. पण मी फोन हातात घेतला की हे म्हणतात, “स्पीकरवर टाक वं, मलेही ऐकू दे वहिनी काय म्हणते ते.” आणि जे सांगायचं आहे ते यांच्यासमोर सांगितलं तर हे मला उचलून मेंदूच्या डॉक्टरकडे नेतील. म्हणून पाकीट डिंकाने चिकटवून मेघाच्या बॅगेत टाकलं आहे. तिला सांगितलं, मोठ्याईला लिंबाच्या लोणच्याची रीत लिहून दिली आहे. विचारलं तर तसंच सांगा.

डिसेंबरातल्या एका गुरुवारची गोष्ट. मोसंबीच्या बागेला पाणी सोडायचं होतं आणि लाईट दुपारी येणार होती. मोटारीच्या खोलीबाहेर पोतं टाकून मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. डोक्यात काही मोठं चाललं नव्हतं. संध्याकाळी सोलेभात करायचा की आमटी, एवढंच.

आणि ताई, मधेच मी नव्हते. झोप नव्हती, चक्कर नव्हती. शेंगा सोलल्या जात होत्या, दाणे टोपलीत पडत होते, पण सोलणारी कोणी नव्हती. झाडं होती, ऊन होतं, माझे हातही होते. पण हात माझे आणि झाड तिकडचं, असं काही वेगळं नव्हतं. सगळं एकाच जागी होतं. भीती वाटली नाही, कारण भ्यायला कोणी नव्हतं. आनंद म्हणावा तर लग्नकार्यातल्यासारखाही नव्हता. काही कमी नव्हतं, एवढंच सांगता येईल.

मग हे ओरडत आले. “लाईट येऊन अर्धा घंटा झाला, मोटार काहून नाही चालू केली? अशी काय पाहून राहिली वं?” मी टोपली पाहिली तर भरली होती. उठून मोटार सुरू केली.

त्यानंतर दोनदा झालं. एकदा भांडी घासताना आणि एकदा एसटीची वाट पाहत उभी असताना. मी तुमच्यासारखी शिकलेली नाही, दहावीनंतर पुस्तकाशी संबंध आला तो मेघाच्या. म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही पस्तीस वर्षं पहाटे ध्यानाला बसता, याच विषयावर डॉक्टर झालात, आता पुस्तक लिहिता आहात. तुम्हाला तर हे रोजचंच असेल. मला एवढंच सांगा, हे काय आहे, आणि माझ्याकडून काही भलतं तर होत नाही ना?

तुमची
गोपिका

•

प्रतापनगर, नागपूर
२० जानेवारी २०२५

प्रिय गोपिका,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला आठ दिवस लागले, कारण पुस्तकाचं चौथं प्रकरण संपवत होते. लोणच्याची रीत मेघाने मागितली. मी म्हटलं, मीठ जास्त आहे त्यात.

आधी घाबरू नकोस आणि हुरळूनही जाऊ नकोस. तू लिहिलंस तशा अवस्थांवर जगभर हजारो वर्षं वाद चालला आहे. काही म्हणतात, डोंगर एकच, वाटा अनेक. कुठूनही चढा, माथ्यावर सगळे एकमेकांना भेटतात. दुसरे म्हणतात, छे, वाटच डोंगर घडवते. भक्ताला देव भेटतो, वेदान्त्याला ब्रह्म, बौद्ध साधकाला शून्यता, सूफीला त्याचा प्रियतम. ज्याला जे शिकवलं तेच त्याला शेवटी दिसतं. या दोघांच्या भांडणात मी पडत नाही. माझं म्हणणं असं की वाट कुठलीही असो, पण ती चालावी लागते. वर्षानुवर्षं, रोज, कंटाळा आला तरी. मार्गाशिवाय मुक्काम नाही. माझं सगळं पुस्तक या एका वाक्यावर उभं आहे.

मग मार्ग न चालता जे येतं ते काय? त्याला जुने लोक लय म्हणत. थकलेलं मन काही वेळ विरघळतं, गाढ झोपेत विरघळतं तसंच, फक्त डोळे उघडे असतात. बाहेरून समाधीसारखं दिसतं, पण ते पितळ असतं. तू पन्नाशीची, उपास फार करतेस, उन्हात बसतेस. काटोलला जाऊन साखर, थायरॉइड आणि बी-बारा तपासून घे. गोपाळरावांना सांग, गुडघे दुखतात.

मला रोज होतं का, असं विचारलंस. या गोष्टी अशा बोलायच्या नसतात गोपिका. एवढं सांगते की सुरुवातीचे हे टप्पे मला ठाऊक आहेत.

पुन्हा झालं तर नीट लिहून ठेव. एक वही कर. किती वाजले, किती वेळ टिकलं, डोळे उघडे होते का, रंग कसे दिसत होते, आवाज ऐकू येत होते का, आधी काय खाल्लं होतं. आणि ती सोलणारी नव्हती वगैरे वाक्यं लिहिलीस तशीच लिही, सुधारू नकोस. अभ्यासाला उपयोगी पडेल.

तुझी
मुग्धाताई

•

पिंपळदरा
१० फेब्रुवारी २०२५

ताई,

साखर चांगली, थायरॉइड चांगलं, बी-बारा जरा कमी निघालं. पाच इंजेक्शनं घेतली. दंड दुखला, पण ते तरीही आलं. इंजेक्शनानंतर तिसऱ्याच दिवशी आलं, आता बोला.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. डोळे उघडे होते. रंग नेहमीचेच होते. पान हिरवंच होतं, पण ते इकडून तिकडे पाहावं लागत नव्हतं. आवाज सगळे ऐकू येत होते. शेजारच्या शेतात इंदूबाई कोणावर तरी खेकसत होती, तो आवाजही त्यातच होता, त्याने काही मोडलं नाही. आधी ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी खाल्ली होती. त्याचा काय संबंध ते तुम्हालाच माहीत.

एक गंमत सांगते. इंदूबाईचं आणि आमचं शेताच्या धुऱ्यावरून नऊ वर्षं बोलणं नव्हतं. परवा मी तिला वाटीभर तुरीचे सोले नेऊन दिले. ती बघतच राहिली. “काय झालं वं गोपिका तुले? बरी हायेस ना?” मी म्हटलं, “बरी हाव.” आपण भांडलो कशावरून ते मला आठवत होतं, पण त्यातलं टोचणारं जे काही होतं ते सापडेना. बांधावर बसून तिने मला चहा पाजला.

वही केली आहे. पण ताई, एक अडचण आहे. ते आलं की मला आठवतं, किती वाजले ते पाहायचं आहे. मग मी घड्याळ पाहते आणि ते जातं. गेल्या खेपेला वही शोधायला उठले, तर उठताना मी पुन्हा मीच. लिहिणं सोडून देऊ का? तुम्ही म्हणाल तसं करीन.

गोपिका

•

प्रतापनगर
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय गोपिका,

वही सोडायची नाही. इतक्यात कंटाळलीस तर कसं होईल? जे घड्याळ पाहिल्याने जातं ते टिकाऊ नव्हतंच, असं समज. खरं असेल तर शंभर घड्याळांसमोर उभं राहील.

आता तुला शिस्त हवी. उद्यापासून पहाटे साडेचारला उठ. अंघोळ करून पूर्वेकडे तोंड करून बस, पाठ ताठ, श्वास मोज. एक तास. आणि दिवसा ते येतंय असं वाटलं की लगेच स्वतःला विचार, हे कोणाला होतं आहे? मग मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे की कमी, ते पाहा आणि नोंदव. शेंगा सोलताना, भांडी घासताना त्याची वाट पाहत राहा. सावध राहिलं पाहिजे. आणि इंदूबाईकडे किंवा आणखी कोणाकडे याबद्दल बोलू नकोस. लोक गावभर करतात, मग माणूस बुवा होतो नाहीतर वेडा.

इकडे आमचं शनिवारचं अभ्यास मंडळ चालू आहे. वीस-बावीस लोक येतात. त्यात जरीपटक्याकडून दीक्षा नावाची एक बाई यायला लागली आहे. बँकेतून निवृत्त झालेली, घरात तीन पिढ्यांपासून बौद्ध, विपश्यनेची शिबिरं केलेली. फार प्रश्न विचारते. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, “मॅडम, पुस्तकातलं बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला काय झालं ते सांगा ना.” असल्या लोकांना काय सांगायचं! विषय बदलला.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की पान इकडून तिकडे पाहावं लागत नव्हतं. हे जरा उलगडून लिही. आणि काही कमी नव्हतं म्हणजे नक्की काय? पुरेसे शब्द सापडले नाहीत तरी लिही, मी लावून घेईन.

मुग्धाताई

•

पिंपळदरा
१६ मार्च २०२५

ताई,

एक महिना झाला, ते आलं नाही.

तुम्ही सांगितलं ते सगळं केलं. साडेचारला उठते. हे म्हणाले, “परीक्षा देऊन राहिली का वं?” श्वास मोजते, तीनशेपर्यंत जाते. शेंगा संपल्या तर हरभरा सोलत बसले, त्याची वाट पाहत. हात चालतात आणि मी त्यांच्याकडे पाहत असते. आता आलं का, हे तेच आहे का, मागच्यासारखं आहे का. वहीत दोन पानं भरून आज नाही, आज नाही असं लिहिलं आहे.

पूर्वी ते आलं नाही तरी मला काही वाटत नव्हतं, कारण ते यायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. आता रोज काहीतरी हरवल्यासारखं होतं. परवा यांच्यावर उगाच चिडले. इंदूबाईने धुऱ्यावरचा बोरीचा फाटा तोडला, तर मला पुन्हा राग आला, जुना होता तोच.

उलगडून लिही म्हणालात. आता काही उलगडत नाही. आधी लिहिलेलं वाचते तेव्हा दुसऱ्या कोणाचं वाटतं.

माझंच काही चुकलं असेल. पुढे काय करू ते सांगा.

गोपिका

•

प्रतापनगर
२४ मार्च २०२५

प्रिय गोपिका,

अगं, मनाला लावून घेऊ नकोस! हे असंच असतं. याला कोरडा काळ म्हणतात. सगळ्याच वाटांवर येतो, थोरामोठ्यांना येतो. काहींना तर वर्षानुवर्षं. आता खरी तू वाटेला लागलीस म्हणायची. सुरुवातीचं ते बक्षीस असतं, नंतर चालायचं असतं. आम्ही सगळे चालतोच आहोत.

मी इकडे मजेत. परवाच्या शनिवारी मंडळात माझं बोलणं फारच रंगलं. मधुसूदनराव, ते एजी ऑफिसमधून निवृत्त झालेले, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दीक्षासुद्धा गप्प बसून होती. प्रकाशकांचा फोन आला, पुस्तक दिवाळीपर्यंत काढू म्हणतात. कितीतरी दिवसांनी अशी शांत झोप लागली.

मेघाबरोबर एक साडी पाठवते आहे. रंग तुला खुलेल. उन्हाचं बाहेर बसू नकोस आणि साधना सोडू नकोस.

तुझी
मुग्धाताई

•

पिंपळदरा
६ एप्रिल २०२५

मुग्धाताई,

साडी मेघाबरोबर परत पाठवली आहे.

त्या शनिवारचा व्हिडिओ मेघाने पाठवला. तिला काही माहीत नाही, कौतुकाने पाठवला. “आई, मोठ्याईनं काय भारी सांगितलं पाहा, सगळे रडले.” आम्ही जेवून उठलो होतो. यांनी फोन डब्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून पाहिला.

तुम्ही गॅलरीत बसून मटार सोलत होता म्हणे. मटार सोलले जात होते, सोलणारी कोणी नव्हती. भीती वाटली नाही, कारण भ्यायला कोणी नव्हतं. पान इकडून तिकडे पाहावं लागत नव्हतं. भांडणाचा आवाजही त्यातच होता, फक्त तो इंदूबाईचा नव्हता, खालच्या मजल्यावरच्यांचा होता. तुरीचा मटार केलात आणि बाकी सगळं तसंच ठेवलंत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी कधी पाहिला नव्हता, आता फोनवर पाहिला.

आणि हे माझ्याकडे वळून काय म्हणाले सांगू? “वहिनीले काय ज्ञान हाय वं! तुले होते का असं कधी काही?”

मी म्हटलं, “नाही.”

मग उठून भांडी घासली. ज्यात मी नव्हते म्हणून तुम्हाला लिहिलं, त्याच्याचसाठी मी माझं माझं करत होते. माझं मलाच हसू आलं. पण हसल्याने राग गेला नाही, अजून आहे.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. लग्नानंतर चार वर्षं आपण नागपूरच्या घरात एकत्र होतो. पहाटे तुमच्या खोलीचं दार बंद असायचं आणि सासूबाई मला म्हणायच्या, “थोरली बसली हाय, भांडे वाजवू नको वं.” मी नळ बारीक सोडून भांडी घासायची. चहाचा कप खाली ठेवताना पदराने धरायची. मेघा रडायला लागली की तिला घेऊन अंगणाच्या टोकाला जायची, थंडीतसुद्धा. मला तेव्हा तुमचा फार हेवा वाटायचा. ध्यानाचं मला काही कळत नव्हतं, मला त्या दाराचा हेवा वाटायचा. घरातल्या एका बाईला दार लावून बसता येतं आणि बाकीच्यांनी दबकत चालायचं. मनात मी तुम्हाला पुष्कळ बोलले आहे. पण एक समाधान होतं की आत काहीतरी मोठं होत असेल. त्यात माझ्या बारीक नळाचाही थोडा वाटा असेल. म्हणून तर पहिलं पत्र तुम्हाला लिहिलं.

आता मला खरं सांगा. तुम्हाला हे कधी झालं आहे का? आणि झालं नसेल, तर वही करायला तुम्ही मला का लावलंत?

आणखी एक. ज्यांच्यासमोर सांगितलंत त्यांच्यासमोरच सांगा की ते तुमचं नव्हतं. माझं नाव घेऊ नका, मला त्या मंडळात मिरवायचं नाही. तुमचं नव्हतं, एवढंच सांगा. ते जमलं तर पुढचं पत्र लिहा. नाहीतर लोणच्याच्या रीतीपुरतं आपलं ठेवू.

गोपिका

•

प्रतापनगर
२७ एप्रिल २०२५

गोपिका,

तीन आठवडे लागले. पहिल्या शनिवारी ऊन फार आहे म्हणून मंडळ रद्द केलं. दुसऱ्या शनिवारी सगळे आले, कूलरसमोर बसले, आणि मी प्राणायामावर बोलले. काल सांगितलं.

आधी तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते.

नाही, मला कधीही झालं नाही. पस्तीस वर्षांत एकदाही नाही. पाय बधिर झाले, डुलकी लागली, डोळ्यांपुढे उजेड आला तो चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे निघाला. त्या दारामागे तू समजत होतीस तसं काही होत नव्हतं. मी घड्याळ पाहायची. तू नळ बारीक सोडत होतीस हे मला माहीत होतं. मला ते आवडायचं, कारण त्या आवाज न होण्यामुळे मला वाटायचं की मी काहीतरी करते आहे.

तुझं पहिलं पत्र मी वाचलं आणि मला तुझा हेवा वाटला. सभ्य शब्द वापरते आहे. माझ्या पोटात आग पडली. ही, जिने एकाही उपनिषदाचं पान उलटलं नाही, हिला पोत्यावर बसून, संध्याकाळच्या आमटीचा विचार करताना! आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण माझ्या मनात आली. स्वतःला मी आंधळं म्हणायला तयार झाले आणि तुला काय म्हटलं ते तूच बघ. आणि वर तू लिहिलं होतंस, तुम्हाला तर रोजचंच असेल. त्या वाक्याने मला आठ दिवस जेवण गेलं नाही. प्रकरण वगैरे काही संपवत नव्हते.

आता वहीचं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय. माझ्याच पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात आहे: असा अनुभव आला की त्याच्याकडे पाहायला जाऊ नये, मोजू नये, मागच्याशी तुलना करू नये, तसं केलं की तो मोडतो. यावर तरी सगळ्या पंथांचं एकमत आहे. बावीस पानं लिहिली आहेत मी त्यावर. आणि तुला नेमकं तेच करायला लावलं. पहिल्या पत्रात मी स्वतःला सांगितलं, अभ्यासासाठी हवं आहे. तू घड्याळाची अडचण लिहिलीस तेव्हा मला लख्ख कळलं काय होतं आहे. तरी मी लिहिलं, वही सोडायची नाही. तुझं कोरडं पत्र आलं त्या दिवशी मी सगळ्यांना आइस्क्रीम आणलं. मेघाला विचार. आमचे हे, केशवराव, म्हणाले, “काय विशेष?” मी म्हटलं, “सहज.”

मार्गाशिवाय मुक्काम नाही, हे वाक्य मी इतकं घट्ट का धरलं होतं ते आता कळतं. ते खोटं ठरलं तर माझ्या पस्तीस वर्षांचं काय, हा प्रश्न होता. तुझं खरं असेल तर मी नुसतीच बसले होते.

काल मंडळात उभी राहिले आणि सांगितलं की मी जे माझं म्हणून सांगितलं ते दुसऱ्या एका बाईचं होतं, मला असं कधीच काही झालेलं नाही, आणि मी ते हेव्यापोटी केलं. मला वाटलं, लोक उठून जातील. तर मधुसूदनराव हात जोडून उभे राहिले. “मॅडम, इतका अहंकार गळाला! अहो, हीच तर ती अवस्था!” आणि टाळ्या वाजल्या गं. आणि गोपिका, क्षणभर मला बरं वाटलं. वाटलं, खरंच, हीच असेल का? एवढं होऊनही मी तिथेच उभी होते, माझ्या वाट्याचं काही मिळतंय का ते पाहत.

टाळ्या न वाजवणारी एकटी दीक्षा होती. ती म्हणाली, “ते ठीक हाय मॅडम. पण ज्या बाईचं होतं, तिचं काय झालं?”

मी म्हटलं, “तिचं गेलं. मी घालवलं.” मग एकेक जण उठून गेला. चहाही कोणी मागितला नाही. मंडळ आता बंद करते आहे.

पुस्तक प्रकाशकांकडून परत मागवलं. मार्गाशिवाय मुक्काम नाही म्हणणारं चौथं प्रकरण खोटं वाटतं, पण त्याच्या जागी काय लिहू ते सुचत नाही. मार्गाशिवाय मुक्काम असतो असंही लिहिता येत नाही, कारण तो सांगणारी मी कोण?

तुझी माफी मागते. फोनवर मागितली नाही, कारण तुझा फोन स्पीकरवर असतो.

एकच विचारते. ते परत आलं का? मी कुठे लिहिणार नाही, कोणाला सांगणार नाही. हेवा अजून वाटतो, ते लपवत नाही. पण माझ्या हातून कायमचं मोडलं की काय, या विचाराने दिवसभर कशात लक्ष लागत नाही. परत आलं का, एवढं कळव.

मुग्धा

•

पिंपळदरा
४ मे २०२५

ताई,

तुमचं पत्र बागेत बसून वाचलं. यांनी विचारलं, “काय लिहिलं वं एवढं?” मी म्हटलं, लोणच्यात मीठ जास्त होतं ते ताईंनी शेवटी कबूल केलं.

तुम्ही उभं राहून सांगितलंत, ते तुम्हाला किती जड गेलं असेल ते मला कळतं. मी तुमच्यासोबत चार वर्षं राहिले आहे. तुम्ही एकदा वरणात हिंग विसरलात तेही कबूल केलं नव्हतंत. म्हणून मी हे पत्र लिहिते आहे.

त्या बंद दारामागे काही नव्हतं, हे वाचून मला आधी राग आला. माझं नळ बारीक करणं फुकट गेलं, असं वाटलं. मग वाईट वाटलं. पस्तीस वर्षं रोज उठून काही न मिळता बसायचं, हे मला जमलं नसतं. मी महिनाभरात रडकुंडीला आले होते. तुमच्या पुस्तकाचं मला कळत नाही, पण वही मी चुलीत घातली आणि साडेचारचा गजर काढून टाकला. हे खूश आहेत.

वेळ असेल तेव्हा या. जूनमध्ये या, आत्ता ऊन फार आहे. राहा आठ-पंधरा दिवस. तुमच्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही, पण तुम्ही समोर असलात तर लवकर जाईल, माझं तसंच आहे. इंदूबाईला भेटवते. तिच्याशी आता पुन्हा बोलते.

आता तुमचा प्रश्न. चार दिवस मी मनात उत्तर लिहून पाहिलं. आलं असं लिहिलं, तर तुमच्या पोटात पुन्हा आग पडेल. आलं नाही असं लिहिलं, तर आधी तुम्हाला आतून बरं वाटेल आणि मग त्या बरं वाटण्याची लाज वाटत राहील. आणि कसंही लिहायचं म्हटलं की मला आधी आत जाऊन पाहावं लागतं, आहे का, तेच आहे का. त्या पाहण्याचं काय होतं ते तुमच्या सहाव्या प्रकरणात आहेच.

म्हणून ते परत आलं की नाही, हे मी तुम्हाला सांगणार नाही. आज नाही, तुम्ही इथे आल्यावर नाही, कधीच नाही. दुसरं जे विचाराल ते सांगेन. यांच्याबद्दल, मेघाबद्दल, माझ्या दुखण्याखुपण्याबद्दल. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ओळखायचा प्रयत्न कराल, तर तेही माझ्या लक्षात येईल.

यात तुमची काळजी आहे. थोडी शिक्षाही आहे, तीही लपवत नाही.

गोपिका